काटा बरोबर, पाणी धावते : कर्लीच्या खाडीतील एका स्लॅलम सरावाचे प्रकरण

मालवणच्या दक्षिणेला देवबागची चिंचोळी वाळूची पट्टी आहे. तिच्या एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. या खाडीच्या आतल्या, त्यातल्या त्यात सरळ भागात गेल्या दिवाळीनंतर वॉटर-स्कीइंगमधल्या, म्हणजे बोटीला बांधलेली दोरी धरून पायातल्या फळीवर (स्कीवर) पाण्यावरून घसरत जाण्याच्या खेळातल्या, स्लॅलम या प्रकाराचा सराव सुरू झाला. सराव करणारी मुलगी एकच, वय १९. बोट तिच्या मामांची. मामा व्यापारी जहाजांच्या इंजीनखात्यात उमेदीची वर्षे घालवून गावी परतलेले. परदेशी बंदरांत पाहिलेला हा खेळ त्यांच्या डोक्यातून कधी गेला नव्हता. जुनी का होईना, पण याच कामासाठी बांधलेली, मध्यभागी इंजीन आणि त्याच्याजवळ दोरी बांधायचा उभा खांब असलेली बोट त्यांनी मिळवली, तिच्यावर जीपीएसवर चालणारा गतिनियंत्रक बसवून घेतला आणि सुकाणूवर गावातल्या एका तांडेलांना आणले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. मी डिप्लोमाच्या मुलांना इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो. जानेवारीच्या मध्याला मामांचा फोन आला तो त्या नियंत्रकासाठी.

"सर, यंत्र खोटं बोलतंय. एकदा येऊन बघा," एवढेच ते म्हणाले.

तक्रार अशी होती. वेग ताशी ४९ किलोमीटर ठरवलेला, दोरी १८.२५ मीटरची. खाडीच्या मुखाकडे जाताना भाची चौथ्या बोयाला, म्हणजे वळसा घालायच्या तरंगत्या खुणेला, चुकायची. वळून परत येताना तीच मुलगी, त्याच दोरीवर, सहाही बोये घ्यायची. नियंत्रकाच्या पडद्यावर मात्र दोन्ही वेळा वेग तोच आणि मार्ग कापायला लागलेला वेळही तोच, १९.०३ सेकंद, फार तर एक-दोन शतांशांचा फरक. भाचीचे म्हणणे, "मामा, जाताना बोट मला ओढतच नाही, पाय पाण्यात रुततात, येताना हातातून दांडी सुटेल अशी ओढते." ज्या विक्रेत्याकडून नियंत्रक घेतला होता त्याने फोनवरच अँटेना बदलण्याचा सल्ला देऊन तिची किंमतही सांगून टाकली होती. मामा पैसे पाठवण्याच्या बेतात होते.

पुढचे सारे नीट कळावे म्हणून या खेळाचे मोजमाप आधी सांगितले पाहिजे, कारण हा खेळ जवळजवळ सगळा मोजमापाचाच आहे. स्लॅलमचा मार्ग प्रवेशाच्या दारापासून निर्गमाच्या दारापर्यंत २५९ मीटर लांब असतो. बोट त्याच्या मधल्या रेषेवरून, २.३ मीटर रुंदीची गल्ली दाखवणाऱ्या बोयांच्या जोड्यांमधून नाकासमोर सरळ जाते. स्कीवरच्या खेळाडूने त्या रेषेच्या आलटून पालटून उजवीकडे आणि डावीकडे असलेल्या सहा बोयांना बाहेरून वळसा घालायचा असतो. हे सहा बोये मधल्या रेषेपासून ११.५ मीटर दूर असतात. दारापासून पहिला बोया २७ मीटरवर, पुढे प्रत्येक ४१ मीटरवर एक, आणि शेवटच्या बोयापासून बाहेरचे दार पुन्हा २७ मीटरवर. सहाही घेतले की वेग ताशी ३ किलोमीटरने वाढवायचा. पुरुषांसाठी ५८ आणि स्त्रियांसाठी ५५ ही वेगाची कमाल मर्यादा आहे. ती गाठली की वेग तोच ठेवून दोरी आखूड करत जायचे : १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५. या शेवटच्या आकड्यापाशी मी नेहमी थबकतो. बोया ११.५ मीटरवर आणि दोरी ११.२५ मीटरची, म्हणजे दोरी बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेले अंतर खेळाडूला पाण्याला जवळजवळ टेकलेल्या स्वतःच्या देहाने भरून काढावे लागते. जगातले अव्वल खेळाडू त्याहूनही आखूड दोरीवर झुंजतात.

भाची या उंचीपासून फार दूर होती, पण तिच्यासाठीही एक गोष्ट तितकीच खरी होती. दोन बोयांमधले ४१ मीटर ताशी ४९ च्या वेगाने बोट साधारण ३ सेकंदांत कापते. तेवढ्यात वळायचे, तोल सावरायचा, बोटीची लाट ओलांडून पलीकडे जायचे आणि स्की पुन्हा वळणासाठी मंद करायची. बोट पाव सेकंद पुढेमागे झाली तरी तो सगळा हिशेब कोलमडतो.

आणि बोट पुढेमागे होतेच. खेळाडू लाटेकडे झेपावतो तेव्हा दोरीला जोराचा हिसका बसतो आणि बोटीचा वेग पडतो. तो वळणात सैलावला की बोट पुढे पळते. एका फेरीत हे सहा वेळा घडते. वॉटर-स्कीइंगची सुरुवात १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेक पेपिन या सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या तरुणाने पाइनच्या फळ्या पायांना बांधून केली. त्यानंतर कित्येक दशके हे चढउतार सांभाळणे चालकाच्या हाताचेच काम होते. चांगला चालक हिसका बसण्याच्या आधीच थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करणारी झडप) किंचित उघडत असे. असे चालक मोजकेच असत, आणि स्पर्धेत कोणाला कोणता चालक मिळाला यावर निकाल हलू शकत असे. १९९० च्या दशकात परफेक्ट पास या कॅनडातल्या कंपनीच्या यंत्रणेने हे काम चालकाच्या हातातून काढून घेतले. ती इंजिनाचे फेरे मोजून थ्रॉटल हलवत असे. पुढच्या दशकात झिरो ऑफ ही जीपीएसवरची यंत्रणा आली आणि स्पर्धांमध्ये तिचेच राज्य झाले. तिच्यात खेळाडूला आपल्या पसंतीची एक जोडी निवडता येते. 'ए', 'बी', 'सी' यांपैकी एक अक्षर आणि १, २, ३ यांपैकी एक अंक : हिसक्याला इंजिनाने केव्हा उत्तर द्यायचे हे अक्षरावर ठरते आणि किती जोराने द्यायचे हे अंकावर. वेग मात्र त्यामुळे बदलत नाही.

फेरे मोजणारी यंत्रणा आणि उपग्रह पाहणारी यंत्रणा यांत एक मूलभूत भेद आहे, आणि या प्रकरणाची सारी मेख तिथेच आहे. फेऱ्यांचा संबंध पंख्याशी, पंख्याचा पाण्याशी. म्हणून ती यंत्रणा मूलतः पाण्यातला वेग धरून ठेवते. वारा, बोटीत बसलेल्या माणसांचे वजन, तळाला चिकटलेले शेवाळ असे काहीही आडवे आले की आकडा बिघडतो आणि तो दर वेळी जुळवून घ्यावा लागतो. जीपीएस पाणी ओळखतच नाही. कुडाळ स्थानकातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि लांब जाताना उतरती ऐकू येते, तसाच उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत बोटीच्या हालचालीने सूक्ष्म बदल होतो. अनेक उपग्रहांच्या लहरींतला हा बदल एकत्र मांडला की बोटीचा जमिनीच्या संदर्भातला वेग अतिशय बारकाईने कळतो. बोये तळाशी, म्हणजे जमिनीशी बांधलेले असतात, त्यामुळे स्पर्धेच्या दृष्टीने हाच वेग योग्य. मार्गाची दोन टोके एकदा यंत्रात नोंदवली की बोट दारातून कधी शिरली आणि कधी बाहेर पडली हेही तेच सांगते. अमेरिकेत स्लॅलमसाठी मुद्दाम खोदलेली लांबट तळी आहेत. तिथे पाणी निश्चल असते आणि जमिनीवरचा वेग नि पाण्यातला वेग यांत भेद करण्याचे कारणच पडत नाही.

मी पोचलो त्या दिवशी आधी अँटेना पाहिली. आकाश मोकळे, जोडणी घट्ट, उपग्रह पुरेसे. मग पडद्यावरच्या वेळेची उलटतपासणी केली. हातातल्या घड्याळाने दार ओलांडण्याचा क्षण नेमका पकडता येत नाही, म्हणून मोबाइल खांबाला बांधून सेकंदाला ६० चित्रांनी फेऱ्या टिपल्या आणि चित्रे मोजली. दोन्ही दिशांचे वेळ मोजणीच्या चुकीइतक्याच फरकाने पडद्याशी जुळले. यंत्र खोटे बोलत नव्हते. अँटेनेचे पैसे वाचले. कोडे होते तिथेच राहिले.

मग संशय माणसांकडे वळला. भाचीची एक बाजू कच्ची असावी हे पहिले अनुमान. प्रत्येक खेळाडूची एक बाजू कच्ची असतेच. पण स्लॅलमच्या मार्गाची रचना अशी आहे की कोणत्याही टोकाने आत शिरा, पहिला बोया उजव्याच हाताला येतो. मुखाकडे जाताना चौथा बोया डावीकडे, परत येतानाही चौथा डावीकडेच. कच्ची बाजू दोन्ही फेऱ्यांत सारखीच कच्ची राहील. ती फक्त जातानाच कच्ची कशी होईल? दुसरे अनुमान वाऱ्याचे. सकाळी कोकणात जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो बोटीला एका दिशेने रेटत असेल. हे पटण्यासारखे होते, पण मामांची वही आडवी आली.

मामा जहाजावरच्या सवयीने प्रत्येक फेरीची नोंद ठेवतात : तारीख, वेळ, दिशा, वेग, दोरी, घेतलेले बोये, इंजिनाचे फेरे. ती वही मी रात्री वाचत बसलो. बहुतेक दिवशी भाची मुखाकडे जाताना चुकली होती, हे खरे. पण मध्येच चार-पाच दिवस असे होते की ती मुखाकडे जाताना सहाही बोये घेते आणि आत येताना चुकते. त्या दिवसांची वेळ तीच, सकाळची; वारा तोच, मतलई. मामांनी या नोंदींपुढे "मूड नाही" असा शेरा मारून ठेवला होता. आपल्या समजुतीत न बसणाऱ्या नोंदी अशा शेऱ्यांखाली झाकल्या जातात, हे मी प्रयोगशाळेत दर वर्षी पाहतो. नोंद खोडली नाही, एवढा मामांचा मोठेपणा.

इंजिनाच्या फेऱ्यांच्या रकान्याकडे तोवर कोणी पाहिले नव्हते. तात्यांना मात्र वही पाहायची गरज नव्हती. ते गावच्या भजनात पेटी वाजवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन फेऱ्या झाल्यावर ते सुकाणूवरूनच म्हणाले, "सर, जाताना इंजीन खालच्या पट्टीत गाता, येताना वरच्या." मी काट्याकडे पाहिले. मुखाकडे जाताना फेरे मिनिटाला ३,००० च्या आसपास, परत येताना ३,२०० च्या आसपास. संगीताच्या भाषेत हा फरक अर्ध्या सुराहून थोडा जास्त भरतो. पेटी वाजवणाऱ्या कानाला तो न कळला तरच नवल. जमिनीवरचा वेग दोन्हीकडे सारखा, आणि तरी पंख्याला एकीकडे जास्त फिरावे लागते, याचा अर्थ पंखा ज्यात फिरतो ते पाणीच सरकत असले पाहिजे. मी हे बोलेपर्यंत तात्या म्हणाले, "पाणी धावता हा. सुकती लागली हा ना!"

सुकती म्हणजे ओहोटी. खाडीवर जन्म काढलेल्या माणसाला ती लागल्याचे सांगावे लागत नाही; आम्हाला मात्र पडद्यावरच्या १९.०३ ने इतके निश्चिंत केले होते की पाण्याकडे पाहायचेच राहून गेले.

पाणी किती धावते ते मोजायचे कसे, यावर मी मुलांना शिकवतो त्या थाटात उपकरणांचे काहीतरी बोलू लागलो, तेव्हा तात्यांनी बोटीतला एक असोला, म्हणजे न सोललेला, नारळ उचलून पाण्यात टाकला. असोला नारळ बराचसा पाण्यात बुडून तरंगतो, वारा त्याला फारसा धरत नाही, आणि हरवला तरी कोणी हळहळत नाही. इंजीन बंद करून आम्ही तो दुसऱ्या बोयापासून तिसऱ्यापर्यंत, म्हणजे ४१ मीटर, जाताना पाहत राहिलो. ७४ सेकंद लागले. सेकंदाला ५५ सेंटीमीटर. ताशी २ किलोमीटर.

आकडा किरकोळ वाटतो. बोटीच्या ४९ पुढे २ म्हणजे काय? पण तो एका दिशेला वजा होतो आणि दुसऱ्या दिशेला मिळवला जातो. मुखाकडे, ओहोटीच्या संगतीने जाताना स्कीखालच्या पाण्याच्या दृष्टीने वेग ४७, आणि परत येताना ५१. दोन फेऱ्यांत ताशी ४ किलोमीटरचा फरक, आणि स्पर्धेतली वेगाची एक पायरीच मुळी ३ किलोमीटरची! पाण्याचा स्कीवरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४७ च्या तुलनेत ५१ ला तो सुमारे १८ टक्के जास्त भरतो. म्हणून जाताना स्की पाण्यात खोल बसायची, वळणात जरा मंदावली की आणखी रुतायची आणि तिला पुन्हा वर काढण्यात भाचीचे ते ३ सेकंद संपायचे. येताना स्की पाण्यावर हलकी असायची, फक्त दोरीची ओढ जास्त. बोये मात्र दोन्हीकडे त्याच ठेक्यात समोर येत होते, कारण बोट जमिनीवर त्याच वेगाने चालली होती. भाचीने पहिल्या दिवशी जे सांगितले होते त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. वहीतले उलटे दिवसही आता उलगडले : त्या सकाळी भरती चढत होती, पाणी आत धावत होते, आणि ती आत येताना चुकत होती.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मामांच्या बोटीवर जुन्या पद्धतीचा, फेरे धरून ठेवणारा नियंत्रक असता तर हे कोडे पहिल्याच दिवशी सुटले असते. पाण्यातला वेग ४९ धरला असता तर ओहोटीसोबत जाताना जमिनीवर ५१ भरले असते आणि मार्ग १८.२८ सेकंदांत संपला असता. उलट येताना ४७ भरून १९.८४ सेकंद लागले असते. दीड सेकंदाहून मोठा हा फरक कोणाच्याही डोळ्यांत खुपला असता. नवे यंत्र जास्त अचूक म्हणूनच त्याने प्रवाहाचा परिणाम वेळेच्या रकान्यातून पुसून टाकला आणि तो फेऱ्यांच्या रकान्यात जाऊन बसला, जिकडे कोणी पाहत नव्हते. एखादे मूल्य स्थिर धरणारी कोणतीही यंत्रणा बाहेरून येणारा धक्का स्वतःच्या श्रमात मुरवून घेते, त्यामुळे धक्का शोधायचा तर तिचे श्रम पाहावे लागतात, हे मी मुलांना फळ्यावर बॉयलरचे उदाहरण देऊन शिकवत आलो आहे. खाडीत ते मला आठवायला दोन दिवस आणि एक पेटीवाला लागला.

उपायांपैकी पहिला मामांना फार आवडला होता : ओहोटीसोबत जाताना यंत्रात ५१ भरायचे आणि परत येताना ४७, म्हणजे स्कीखाली पाणी दोन्हीकडे ४९ चेच राहील. मी त्याला विरोध केला. स्कीला बरे वाटेल, पण बोये एका फेरीत लवकर येतील आणि दुसरीत उशिरा. स्लॅलममध्ये अंगवळणी पाडायचा असतो तो ठेका, आणि स्पर्धेत वेळ मोजला जातो तो दारापासून दारापर्यंतचा. चुकीच्या ठेक्यावर महिनाभर सराव करण्यापेक्षा सराव न केलेला बरा. पाण्यातला वेग मोजणारे चाक बोटीच्या तळाला बसवण्याचा विचारही निघाला. तेही फक्त रोग किती आहे ते सांगेल, औषध देणार नाही. खाडी सोडून गोड्या, स्थिर पाण्यात जावे तर जवळच धामापूरचा तलाव आहे, पण तो शेकडो वर्षांपूर्वीचा सिंचनाचा वारसा आहे, गावांची तहान त्यावर भागते. तिथे इंजिनाची बोट घालण्याची कल्पना कोणी तोंडातूनही काढली नाही.

उरला एकच मार्ग : पाणी थांबते तेव्हा सराव करायचा. त्याकडे वळण्याआधी मात्र बोयांचे काम हाती घ्यावे लागले, कारण नारळ मोजताना आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. नारळाच्या वाटेवरचे सगळे बोये मुखाच्या दिशेने झुकलेले होते.

मुंबईला मोठ्या उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो आणि मालवणकडे उधाणाला साधारण दोन मीटरवर येतो. कमी असला तरी बोयांना तो पुरेसा जाचक आहे. मामांनी मार्ग आखला तेव्हा पूर्ण भरतीला बोये बुडू नयेत म्हणून नांगरापासूनचे दोर भरतीच्या खोलीइतके ठेवले होते. समजा भरतीला खोली साडेचार मीटर आहे आणि ओहोटीला तीन. तर ओहोटीला साडेचार मीटरचा दोर तीन मीटर पाण्यात सैल पडतो आणि प्रवाह जोराचा असेल तर बोया आपल्या नांगरापासून आडव्या अंतरात सव्वातीन मीटरहूनही लांब जाऊ शकतो. काटकोन त्रिकोणाचा हिशेब आहे, शाळेतला. बोटीच्या वेगाने हे अंतर म्हणजे पाव सेकंद. सगळे बोये एकाच बाजूला झुकत असल्यामुळे डोळ्यांना मार्ग सरळच दिसायचा. पण तळ सपाट नसल्याने प्रत्येकाचे सरकणे वेगळे होते, आणि यंत्रात नोंदवलेली दारे नि पाण्यावरची दारे यांची फारकत झालेली असायची. मी मोबाइलने मोजलेले वेळ पडद्याशी जुळले होते ते दोन्ही दारे जवळजवळ सारखीच सरकल्यामुळे, केवळ नशिबाने.

तळ्यातल्या मार्गांवर बोया आणि नांगर यांच्यामध्ये रबरी नळीचा तुकडा घालतात, तो पाण्याच्या थोड्याफार चढउताराला पुरतो. दोन मीटरला पुरणार नाही. तात्यांनी केले ते असे : बोयाच्या खाली एक गुळगुळीत कडी, नांगरावरून येणारा दोर त्या कडीतून ओवून पलीकडे खाली सोडलेला, आणि त्याच्या मोकळ्या टोकाला जाळ्याचे किलोभर शिसे. पाणी चढले की शिसे वर येते, उतरले की खाली जाते, आणि दोर सदैव ताठ. शिसे इतकेच हवे की बोया बुडू नये; दोन बोये पहिल्या दिवशी बुडलेच, त्यांचे वजन कमी केले. नंतर ऐन सुकतीतही बोया वीतभरापेक्षा जास्त हलत नव्हता. एका दुपारी हे सगळे बोये दोरीने पुन्हा मोजून मामांनी यंत्रात दारांची जागा नव्याने नोंदवली. त्या कामात माझा वाटा बोटीच्या कडेला बसून आकडे लिहिण्यापुरताच होता.

राहिली वेळ. खाडीचे पाणी दिवसातून चार वेळा थबकते : दोनदा पूर्ण भरतीला, दोनदा पूर्ण ओहोटीला. ओहोटीचे थबकणे आम्ही सोडून दिले. तेव्हा पाणी उथळ असते, आणि दुसरे असे की त्याच वेळी गावातल्या बाया कमरेइतक्या पाण्यात उतरून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढत असतात. त्यांच्या अंगावर बोटीची लाट घालून खेळ करणे कोणत्याही नियमात बसत असले तरी माणुसकीत बसत नाही. भरतीच्या थबकण्याची वेळ काढायला कोकणात कोणालाही पुस्तक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची घटका निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. दशमीला साडेसात. हा आडाखा आहे, अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो. म्हणून मामा भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकेही पाहतात. तात्या पाहत नाहीत.

या आडाख्यात सरावाच्या दृष्टीने एक सुंदर योग दडलेला आहे. अष्टमीच्या सुमाराला चंद्र अर्धा असतो, सूर्य आणि चंद्र यांच्या ओढी काटकोनात पडतात, आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत भरती सर्वांत लहान असते. आपल्याकडे तिला भांगाची भरती म्हणतात. भरती लहान म्हणजे खाडीत ये-जा करणारे पाणी कमी आणि प्रवाहही मंद. आणि नेमक्या याच तिथींना पूर्ण भरती सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान येते, जेव्हा वारा अगदी मंद असतो आणि खाडी आरशासारखी असते. अमावास्या-पौर्णिमेला सगळेच उलटे : उधाण, जोराचा प्रवाह आणि भर दुपारची भरती, तेव्हा खारा वारा सुटून पाण्यावर चुळबुळ सुरू झालेली. तेव्हा सप्तमी ते दशमी, शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत, असे महिन्याचे आठ दिवस बोयांच्या सरावाचे ठरले. बाकीचे दिवस बोयांवाचून, नुसत्या वळणांचे.

एक बारकावा उरला होता. पाण्याची पातळी चढायची थांबते आणि पाणी वाहायचे थांबते, हे दोन क्षण खाडीत एकच नसतात. पातळी स्थिरावल्यावरही आत शिरलेले पाणी आपल्या वेगाने थोडा वेळ आत जात राहते. किती वेळ, हे प्रत्येक खाडीचे, किंबहुना खाडीतल्या प्रत्येक जागेचे वेगळे. आमच्या जागी तो अवधी वीस मिनिटांच्या आसपास निघाला. मोजमाप नारळानेच झाले : दर पाच मिनिटांनी नारळ सोडायचा, आणि तो दुसऱ्या बोयापाशी घुटमळू लागला की भाचीने स्की पायात चढवायची. तिथून पुढे सुमारे अर्धा तास मिळतो. तेवढ्यात दोरी, वळणे, विश्रांती धरून सहा-आठ फेऱ्या बसतात. वहीत मामांनी दोन नवे रकाने आखले, तिथी आणि नारळाचे सेकंद. "मूड" हा शेरा बाद झाला.

फेब्रुवारीतल्या वद्य नवमीला मी पुन्हा गेलो होतो. तिथीच्या हिशेबाने भरती पावणेसातची. सात वाजून गेले तेव्हा नारळ जागच्या जागी फिरत होता. ४९ च्या वेगाला भाचीने मुखाकडे जाताना सहाही बोये घेतले, परत येताना सहाही घेतले. फेऱ्यांचा काटा दोन्हीकडे ३,१०० च्या आसपास. मामांनी वेग ५२ वर नेला. जाताना ती चौथ्या बोयाला चुकली. बोट वळली, तात्यांनी दारातून सरळ घातली, इंजिनाचा सूर तोच होता, आणि येतानाही ती चौथ्यालाच चुकली. पाण्यातून डोके वर काढून ती ओरडली, "मामा, आता माझंच चुकतंय!" मामांनी वहीत दोन्ही फेऱ्यांपुढे तीनचा आकडा लिहिला, आणि तात्यांनी बोट तिच्याकडे वळवली.